बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

९ जून

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पोटात बाळ असताना फिटच्या गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या, हे तू मला विचारतेस, आणि मी तीन दिवस तुझं पत्र घडी घालून उघडते आहे. बी.ए. झाले म्हणून तुम्ही मला मास्तरीण म्हणता, पण मला इतिहास होता गं. लढायांच्या तारखा विचारशील तर झोपेतही सांगेन.

पण आपल्या घरात विचारायला दुसरं कोण आहे? आईचं म्हणशील तर ती इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, की एवढं शिकवलं ते कशासाठी, तूच बघ आणि सांग. मग मी बघितलं.

आमच्या छापखान्यात औषधांच्या खोक्यांत घालायचे ते बारीक अक्षरांचे कागद छापतात, हे तुला माहीत आहे. तू पाठवलेलं गोळ्यांचं वेष्टन मी जुळवून पाहिलं. त्याच औषधाचा कागद मागच्या आठवड्यात माझ्याच टेबलावर होता! प्रत्येक कागदाला दोन बाजू असतात. पहिली बाजू मी तपासते, दुसरी शेजारच्या टेबलावरचे आजोबा. ओळीखाली पट्टी धरायची, एकेक अक्षर मूळ कागदाशी ताडायचं, पट्टी खाली सरकवायची. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही, दिलं तर चूक निसटते, असं आजोबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. या वेळी मात्र मी अर्थासाठी वाचलं. अकराव्या ओळीत लिहिलंय, की गरोदरपणी हे औषध घेतल्यास बाळात जन्मतः व्यंग येण्याचा धोका वाढतो. मी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारून एक जादा प्रूफ सोबत पाठवते आहे. कुणाला दाखवू नकोस, कागद बाहेर नेलेला साहेबांना चालत नाही.

ताई, हे ऐकीव नाही, छापील आहे. तीन वर्षांत तुला एकही फिट आलेली नाही. मला विचारशील तर बंद कर. आपण शिकायचं ते याचसाठी, की कुणी हातावर ठेवलं आणि आपण गिळलं असं होऊ नये.

भावजींना आणि काकूंना नमस्कार. काजं करताना पाठ टेकून बस. माया आहे तेवढीच राहू दे, बाळ आल्यावर अर्धी करू नकोस.

तुझी,
मास्तरीण

२२ जून

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि कागद चारदा. अक्षरं मुंगीएवढी. तुझे डोळे शाबूत कसे राहिले देव जाणे. लाल रेघ मात्र लांबूनही दिसते.

उलट्या चालू आहेत. आमच्याकडे दुकान पुढे आणि घर मागे, त्यामुळे एखादं गिऱ्हाईक कोटाचं माप देत असतं आणि पडद्यामागून माझा आवाज येतो. हे म्हणतात, गिऱ्हाइकाला वाटत असेल की त्याचा कोट बघूनच असं होतंय.

सासूबाईंचं ऐक. दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी गोळी हातावर ठेवताना त्या सहज म्हणून गेल्या, की या गोळ्या उष्ण पडतील का गं पोटातल्याला? हे समोरच मशीनवर पट्टी शिवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सासूबाई म्हणाल्या, मी रात्रभर विचार केला, आपल्याला त्यातलं कळत नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळी चुकवायची नाही. आता मेंदूच्या डॉक्टरांची तारीख ऑगस्टमधली आहे. तोवर रोज एक म्हणजे किती पोटात जातील? मी तुझा कागद त्यांना दाखवला नाही. त्यांना वाचता येत नाही, आणि यांना दाखवला तर कामधाम सोडून मला दवाखान्यात नेऊन बसतील.

तर आजपासून बंद. सासूबाई जेवणानंतर हातावर गोळी ठेवतात, मी पाण्याचा पेला तोंडाला लावते आणि गोळी मुठीतच राहते. मग ती बटणांच्या डब्यात. तिथे एवढी पांढरी बटणं आहेत की कुणाला सापडायची नाही. शाळेत तू कारलं रुमालात लपवायचीस, ते तुझ्याकडूनच शिकले.

एक सांगू? तुझं पत्र आलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. आपल्याकडे एकजण तरी आहे जिला वाचून कळतं. आईला जप. मला विसरायचं नाही, मोठी झालीस तरी.

तुझी,
ताई

८ जुलै

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

बरं केलंस. मुठीत लपवणं तेवढं मला आवडलं नाही. जे बरोबर आहे ते उघड करावं. पण तुझ्या घरचं तू जाणतेस. काकूंचं फार मनाला लावून घेऊ नकोस. चांगल्या आहेत, पण डॉक्टर म्हणतील ते खरं, यापलीकडे त्यांना विचार करायची सवयच कुणी लावली नाही. ती चूक त्यांची नाही. मला संधी मिळाली तर मी त्यांना अक्षरओळख करून देईन. हसू नकोस, खरंच सांगते.

इथे बरं आहे. आजोबांचा चष्मा फुटला आणि दोन दिवस ते माझ्याच भिंगातून वाचत होते. आई तुझ्या बाळासाठी जुनी मऊ लुगडी धुऊन कडक इस्त्री करून ठेवते आहे. मी म्हटलं, दुपट्याला इस्त्री कशाला? तर म्हणाली, माझ्या नातवंडाला चुरगळलेलं चालायचं नाही.

पत्र पाठवत जा. उत्तराला उशीर केलास तर मी रुसेन, आणि मी रुसले की काय होतं ते तुला ठाऊक आहे.

तुझी,
मास्तरीण

६ सप्टेंबर

चि. मास्तरीण हिस,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, रुसू नकोस. बाळ हलतं! दुपारी मी बटणं लावायला बसले की आतून टकटक चालू होते, जणू मापं चुकलीत म्हणून सांगतंय. तपासणीत सगळं ठीक आहे. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पाठीचा कणा दाखवला, मण्यांची माळ असावी तसा. हात, पाय, हृदय, सगळं जागच्या जागी.

ऑगस्टमध्ये मेंदूच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. त्यांनी विचारलं, गोळ्या नियमित घेताय ना? सासूबाई शेजारीच होत्या. मी हो म्हटलं. मग काय म्हणणार?

एक गोष्ट आहे, ती फक्त तुला सांगते. गेले आठ-दहा दिवस सकाळी उठल्यावर हात झटकतात. परवा चहाचा कप हातातून उडाला. सासूबाईंना वाटलं सांडला. काल बटण लावताना मध्येच काहीतरी निसटलं. मी सुई धरून बसले होते आणि हे समोर उभे राहून तिसऱ्यांदा काहीतरी विचारत होते. पहिल्या दोन वेळा मला ऐकूच आलं नाही. हे गरोदरपणाचं असतं का गं? तुझ्या कागदांत काही असेल तर बघशील?

सासूबाई वेगळ्याच नादात आहेत. नर्सबाईंना विचारून आल्या, की फिट येणाऱ्या बाईने बाळ कसं सांभाळायचं. आता रोज मला पाठ करायला लावतात. पाजायचं ते जमिनीवर गादी घालून, भिंतीला टेकून. अंघोळ एकटीने घालायची नाही. बाळ घेऊन जिना चढायचा नाही. जाग्रण नाही, बाळाला घ्यायला त्या स्वतः उठणार. खाट काढून त्यांनी आत्ताच गादी खाली घातली आहे. मी म्हटलं, अजून साडेतीन महिने आहेत. तर म्हणाल्या, सवय नको का?

लवकर लिही. वाट बघते आहे, आणि तू मला वाट बघायला लावत नाहीस कधी.

तुझी,
ताई

११ सप्टेंबर

ताई,

नमस्कार-चमत्कार मागाहून. तुमच्याकडे फोन असता तर पत्रावर थांबले नसते. हे पत्र वाचलंस की तशीच उठ आणि भावजींना घेऊन दवाखान्यात जा.

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. आज सकाळी मी आजोबांकडे त्या कागदाची दुसरी बाजू मागितली. त्यांनी फाइलमधून काढून दिली आणि विचारलं, ही तुला कशाला? दुसऱ्या बाजूला तिसऱ्या ओळीत लिहिलंय, की हे औषध अचानक बंद करू नये. केल्यास झटके वारंवार आणि जोराने येऊ शकतात, त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे. गरोदर असल्यास ताबडतोब डॉक्टरांना भेटावं, स्वतःच्या मनाने बदल करू नये.

ही बाजू जूनमध्ये माझ्यापासून एक हातावरच्या टेबलावर होती. मी मागितली नाही. मागायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

डॉक्टरांना खरं सांग, की बावीस जूनपासून घेतलेल्या नाहीत. बहिणीने सांगितलं म्हणून सांग. हात झटकतात, तू मध्येच हरवतेस, हे सगळं सांग. स्वतः डब्यातल्या गोळ्या काढून भराभर घेऊ नकोस, ते म्हणतील तसंच कर. बटणं, सुई, कात्री, सगळं बाजूला ठेव. काकूंना जवळून हलू देऊ नकोस.

रागव माझ्यावर. पण आधी जा.

तुझी,
मास्तरीण

१४ सप्टेंबर

चि. मास्तरीण हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईंना वाचून दाखव, पण आधी त्यांना बसव.

काल सकाळी अकराच्या सुमारास तुझी ताई दुकानात बटणं लावायला बसली होती. मी कापड बेतत होतो. काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून वळलो तर ती खाली पडलेली. पूर्वी फिट यायची ती दोन मिनिटांत थांबायची. ही थांबेना. थांबली असं वाटलं की दुसरी सुरू. आईने तिला कुशीवर वळवून डोकं मांडीवर धरलं. मी गाडीसाठी रस्त्यावर धावलो. दवाखान्यात पोचेपर्यंत ती शुद्धीवर आलीच नाही. औषधं शिरेतून दिल्यावर दुपारी एकच्या पुढे झटके थांबले.

बाळाचे ठोके तोवर बंद पडले होते. मुलगी होती.

ताईच्या जिवाला आता धोका नाही असं म्हणतात. डोळे उघडते, पण मला ओळखत नाही. मधूनच हाताने बटण लावल्यासारखं करते.

तुझं एक पाकीट आज घरी आलं. तिच्या नावचं आहे, मी उघडलेलं नाही. सावध झाली की देईन. तुम्ही दोघी येऊ शकलात तर बरं होईल. तुमच्या आधाराशिवाय मला सुचत नाही.

तुझा,
भावजी

१० ऑक्टोबर

चि. सुनेच्या धाकट्या बहिणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी पत्र सांगते आहे आणि शेजारीण लिहून देते आहे. तुम्ही चार दिवस राहून गेलात, बरं वाटलं. सून आता घरात फिरते. डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या आहेत. ती घेते, मी तिचं तोंड उघडून बघते. बाळाच्या दुपट्यांची घडी घालते आणि पुन्हा उलगडते.

तुम्ही गेलात त्या आठवड्यात मुलाने एका कोटाला जुळणारं बटण शोधायला डबा उपडा केला. त्यातून गोळ्या निघाल्या, त्र्याऐंशी. त्याने सुनेला विचारलं. ती म्हणाली, मला भीती वाटली म्हणून टाकल्या. भीती कुणी घातली हे सांगेना. मग तो माझ्याकडे वळला. मी एकदा म्हटलं होतं, या गोळ्या उष्ण पडतील का? ते त्याच्या कानावर पडलं होतं. माझ्याकडे कपड्याच्या गाठोड्याकडे बघावं तसा बघतो. जेवणाचं ताट मी वाढलं तर उठून जातो. एक तारखेला मला थोरल्याकडे पोचवणार आहे.

त्याचं चुकत नाही. मीच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी शब्द फिरवला म्हणून काय झालं, पहिला शब्द तिच्या मनात रुतला असणार. माझ्या तोंडाने माझी नात गेली. मला जायला काही नाही गं, पण तो दिवसभर मशीनवर, ही एकटी मागे. चुलीशी फिट आली तर धरणार कोण?

डब्याच्या तळाशी एक कागद घडी करून ठेवलेला होता. मुलाच्या आधी तो मी उचलला. फार बारीक अक्षर आहे आणि एका ओळीखाली लाल रेघ आहे. सुनेला विचारवत नाही. शेजारणीलाही दाखवला नाही, घरातलं दुःख आहे. तू शिकलेली आहेस, म्हणून सोबत पाठवते. वाचून सांग, यात काय लिहिलंय.

तुझ्यावर माझा जीव आहे, तुझाही माझ्यावर असू दे.

तुझी,
काकू

१४ ऑक्टोबर

चि. मास्तरीण हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं सप्टेंबरचं पाकीट यांनी मला दिलं. मी वाचलं. ते कुणी पाहिलेलं नाही, मी ते चुलीत घातलं.

जूनचं पत्रसुद्धा घालणार होते. पण त्याच्यात तू बाळाबद्दल लिहिलेलं ते शेवटचं वाक्य आहे, आणि तुझं अक्षर माझ्याच्याने जाळवत नाही. सोबत पाठवते आहे. तू फाडून टाक.

आता नीट ऐक. कुणाला काही सांगायचं नाहीस. दवाखान्यात तू माझ्या उशाशी बसून चार दिवस सारखी तोंड उघडत होतीस आणि मिटत होतीस, ते मला दिसत होतं. मिटलेलंच राहू दे. आपल्या सात पिढ्यांत एक पोर शिकली. आई चारचौघांत मान वर करून चालते ती त्यामुळे. उद्या लोक म्हणतील, शिकून काय दिवे लावले? मग खालच्या गल्लीतल्या एकाही मुलीला पुढे शिकवायचे नाहीत. माझं काय, गोळ्या मी माझ्या हाताने टाकल्या. कुणी मूठ धरली नव्हती.

सासूबाईंचं वाईट वाटतं. पण यांचा राग उतरेल हळूहळू. मी एकटी राहीन. नव्या गोळ्यांनी हात झटकत नाहीत.

तू माझीच आहेस, हे विसरू नकोस. मीही विसरणार नाही.

तुझी,
ताई

१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

तुझं पत्र आणि काकूंचं पत्र दोन दिवसांच्या अंतराने आलं. टेबलावर माझंच जूनचं पत्र आणि माझीच लाल रेघ, दोन्ही शेजारी शेजारी पडली होती. एकीने पाठवलं फाडून टाक म्हणून, दुसरीने वाचून सांग म्हणून.

जूनचं पत्र मी वाचून पाहिलं. पहिलं वाक्य खरं आहे, मला उत्तर येत नाही. तिथेच सही करून पाकीट बंद केलं असतं तर तू काकूंचं ऐकलं असतंस. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरीणबाई भावजींना सांगत होत्या, तेव्हा मी खांबाला टेकून उभी होते. त्या म्हणाल्या, जूनमध्ये आला असता तर मात्रा बघून, गरज पडली तर सावकाश औषध बदलून, नीट निभावलं असतं. फिटचा आजार असलेल्या कितीतरी बाया धडधाकट मुलं घेऊन घरी जातात. आणि त्या म्हणाल्या, की ज्या व्यंगाची भीती असते ती बहुतेक सुरुवातीच्या आठवड्यांतली, बाळात काहीही व्यंग नव्हतं. हे तुला कुणी सांगितलं की नाही मला माहीत नाही. मी सांगते आहे, कारण यापुढे तुला अर्धा कागद पाठवायचा नाही असं मी ठरवलंय.

तू म्हणतेस, लोक म्हणतील शिकून काय झालं. म्हणू देत. काकूंना एक अक्षर येत नाही, आणि त्यांनी रात्रभर विचार करून जे सांगितलं तेच दुसऱ्या बाजूला छापलेलं होतं. मी त्यांना अक्षरओळख करून द्यायला निघाले होते. त्यांनी मला विचारलंय, यात काय लिहिलंय. ताई, आजवर मला कुणी विचारलेला हा एकच प्रश्न असा आहे की ज्याचं उत्तर मला पूर्ण येतं. ते मी कसं दडवू? दडवलं तर एक तारखेला त्या जातील, आपल्या तोंडाने नात गेली असं समजून उरलेला जन्म काढतील, आणि तू चुलीशी एकटी राहशील. माझी लाज वाचवायला एवढं सगळं?

आईला मी काल सांगितलं. ती कुणाचीतरी कॉलर इस्त्री करत होती. ऐकता ऐकता इस्त्री तिथेच राहिली आणि कॉलर जळाली. तिने ती बाजूला ठेवली, पाण्याचा हात पुसला आणि इतकंच विचारलं, की तुझ्या सासरी उभं राहायला आपल्याला तोंड उरेल का? मी म्हटलं, माहीत नाही. मग ती म्हणाली, त्या बाईने माझी लेक मांडीवर धरली होती. आणि दुसरी कॉलर घेतली.

म्हणून मी तुझं ऐकलेलं नाही. रात्री भावजींना पत्र लिहिलं, मोठ्या अक्षरात, एका बाजूलाच, मागची बाजू कोरी ठेवून. काकूंना समोर बसवून मोठ्याने वाचा, असं वर लिहिलं. गोळ्या बंद कर हे मी सांगितलं, काकूंनी चालू ठेव म्हणून सांगितलं होतं, मी त्यांना अडाणी समजले, हे सगळं लिहिलं. तू लपवलंस ते मला वाचवायला, हेही लिहिलं. पुरावा म्हणून काकूंनी पाठवलेला कागद आत घातला. त्याला दुसरी बाजू टाचली, तिसऱ्या ओळीखाली रेघ मारून. आणि तू फाडून टाक म्हणालीस ते माझं जूनचं पत्र सगळ्यांत वर ठेवलं.

भावजी मला दारात उभं करतील की नाही, माहीत नाही. तू रागावशील, ते माहीत आहे. लोभ ठेव असं लिहायला हात होत नाही, तरी लिहिते, ठेवता आला तर ठेव.

पाकीट आज सकाळी कामावर जाताना पेटीत टाकलं. दहाचं टपाल निघून गेलं आहे.

तुझी,
धाकटी